चौदा सेंटचा गांधार

रविवारच्या शास्त्राच्या वर्गाला एक मुलगी रडवेल्या चेहऱ्यानं आली. सहा महिने रोज सकाळी तंबोऱ्यासमोर बसून तिनं शुद्ध गांधार घोटला होता आणि तो आता कुठं ठरू लागला होता. अशात कुणीतरी तिच्या फोनमध्ये सूर तपासायचं ॲप घालून दिलं. षड्ज लावला की सुई मधोमध. पंचमालाही जवळजवळ तिथंच. गांधाराला मात्र दर खेपेला डावीकडे झुकायची. "बाई, माझा गांधार चौदा सेंट उतरतो. मी कणसूर गाते का हो?"

मी तंबोरा लावला आणि तिला गायला सांगितलं. गांधार तंबोऱ्यात साखरेसारखा विरघळला. वर्गातल्या बाकीच्यांनी माना हलवल्या. फोन मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम होता.

फोन बिघडलेला नव्हता. सप्तकाचे १२०० भाग पाडले तर त्यातला एक भाग म्हणजे सेंट. अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकानं १८८० च्या दशकात हे माप रूढ केलं. पियानो काय किंवा बाजारात मिळणारी आपली पेटी काय, बारा समान पावलांवर लावलेली असते आणि एक पाऊल १०० सेंटचं असतं. म्हणजे तिथला शुद्ध गांधार ४०० वर. तंबोऱ्याशी जुळणारा गांधार षड्जाच्या सव्वापट असतो आणि सव्वापट म्हणजे ३८६ सेंट. वजाबाकी केली की चौदा उरतात. पंचमात हाच फरक जेमतेम दोन सेंटांचा, म्हणून तिथं सुई फारशी हलत नाही. ॲप लिहिणाऱ्यानं पियानोची पट्टी घेतली होती, मुलीनं तंबोऱ्याची. आपण कोणाच्या पट्टीनं मोजतो आहोत हे ॲप कुठंही सांगत नव्हतं, आणि रडू मुलीला येत होतं.

संगीतशास्त्राच्या वर्गात संगणक आणावा का, असं मला कुणी विचारलं तर मी लगेच हो म्हणते. त्याला बसवायचं कुठं, ते मात्र आधी ठरवू या. परीक्षकाच्या खुर्चीवर बसवला तर तो असाच चांगल्या गळ्यांना नापास करील. टेबलावर ठेवला, परीक्षानळी किंवा तराजू ठेवतात तसा, तर शास्त्र हा विषय जो गेली कित्येक वर्षं वहीत अडकून पडला आहे, तो पुन्हा कानापर्यंत येईल. आज संगीत शिकवणारी म्हणून जी सॉफ्टवेअरं शाळांना विकली जातात, त्यांतली बहुतेक पहिल्या प्रकारची आहेत. माझं भांडण त्यांच्याशी आहे.

आपल्याकडे प्रात्यक्षिकाचा वार वेगळा आणि शास्त्राचा वेगळा. प्रात्यक्षिकाच्या वारी पेटी-तबला निघतो, शास्त्राच्या वारी वह्या. नाद म्हणजे काय, श्रुती म्हणजे काय, थाट आणि राग यांतील फरक लिहा, वादी-संवादींचं महत्त्व सांगा. उत्तरं ठरलेली, गाईडात छापलेली. दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून वर्गात गर्दी वाढली आणि गर्दीबरोबर गाईडंही वाढली. मुलं पेपर उत्तम लिहितात. भूपाचा वादी गांधार आणि देसकाराचा धैवत हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात. पण दोन ध्वनिमुद्रणं लावून यातला भूप कोणता विचारलं की निम्मा वर्ग एकमेकांकडे बघतो.

मी त्यांना नावं ठेवत नाही. मी स्वतः तशीच शिकले. विशारदच्या पेपरासाठी मी एक आकडा रात्र जागून पाठ केला होता: षड्जाची आंदोलनसंख्या २४० धरली तर शुद्ध गांधाराची ३०१ पूर्णांक १७ छेद ४३. तो कुठून आला हेही लिहायला येत होतं. सतराव्या शतकात अहोबल पंडितांनी 'संगीत पारिजात' ग्रंथात स्वरांच्या जागा वीणेच्या तारेच्या लांबीवर सांगितल्या. पुढं श्रीनिवास पंडितांनी तोच मार्ग धरला. आपली पाठ्यपुस्तकं ती तार ३६ इंचांची मानतात. मध्यम २७ इंचांवर, पंचम २४ वर, तार षड्ज १८ वर. विष्णु नारायण भातखंडे यांच्या मांडणीतला शुद्ध गांधार २८ पूर्णांक दोन तृतीयांश इंचांवर पडतो. २४० ला ३६ नं गुणा, २८ पूर्णांक दोन तृतीयांशनं भागा, की ३०१ पूर्णांक १७ छेद ४३. पूर्ण गुण.

म्हणजे गांधार तीन झाले. तंबोऱ्याचा ३००, पुस्तकातला ३०१ च्या थोडा वर, पेटीचा ३०२ च्या थोडा वर. मी तिन्हींची गणितं करू शकत होते. तिन्हींपैकी एकही ऐकून ओळखता येत नव्हता, आणि ओळखायचा असतो हे कुणी सांगितलंही नव्हतं.

ते मला वयाच्या चाळिशीनंतर एका फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनं ऐकवलं. ऑडॅसिटी हे २००० साली आलेलं, ध्वनिमुद्रणाची काटछाट करायचं साधं साधन. त्यात हवी ती आंदोलनसंख्या टाकून सूर निर्माण करता येतो. वर एक पट्टा २४० च्या षड्जाचा, खाली एक गांधाराचा, आणि दोन्ही एकदम वाजवायचे. पहिल्यांदा मी हे वर्गात केलं तेव्हा प्रयोग साफ फसला. तिन्ही गांधार मुलांना सारखेच वाटले आणि खरं सांगायचं तर मलाही. सॉफ्टवेअरनं आपणहून जी शुद्ध साइन लाट दिली होती ती मी तशीच ठेवली होती. मग चौकोनी लाट घेतली, तरी काही नाही. करवतीच्या दात्यांसारखी लाट घेतली आणि वर्ग एकदम सावरून बसला. ३०० चा गांधार षड्जाशेजारी निवांत उभा राहतो. ३०१.४ टाकला की जोडसूर सेकंदाला साधारण साडेपाच वेळा डुलायला लागतो. ३०२.४ ला साडेनऊ वेळा, म्हणजे जवळजवळ थरथरतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणतात.

कारण शोधायला मुलांनाच लावलं. षड्जाचा पाचवा सहायक नाद १२०० वर असतो, ३०० च्या गांधाराचा चौथाही १२०० वर. दोघं एका जागी येऊन बसतात. गांधार चढला की त्याचा चौथा सहायक नाद १२०५ वर किंवा १२०९ वर जातो आणि दोघांची टक्कर सुरू होते. साइन लाटेत सहायक नाद नसतातच आणि चौकोनी लाटेत फक्त विषम असतात, म्हणून तिथं टक्कर व्हायला कुणी हजरच नव्हतं. फसलेल्या प्रयोगानं मला जे शिकवलं ते जमलेल्या प्रयोगानं शिकवलं नसतं. तोवर 'सहायक नाद' ही माझ्या लेखी दोन गुणांची टीप होती. गांधार गांधार का वाटतो याचं उत्तर त्या टिपेत होतं.

मी मिरजेची. सतारमेकरांच्या गल्लीत जन्म गेला तरी चालेल अशा गावची. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कारागिरी त्याच्या दीडशे वर्षं आधीपासूनची. त्यामुळं वर्गात खरा तंबोरा असतो, फोनमधला नव्हे. तोच तंबोरा मायक्रोफोनपुढे धरायचा आणि सॉनिक व्हिज्युअलायझर या, लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेल्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्याचा वर्णपट बघायचा. खर्जाची तार एकटी छेडली की पडद्यावर एकावर एक रेघा उमटतात. पहिली खर्जाची, दुसरी वरच्या षड्जाची, तिसरी पंचमाची, चौथी पुन्हा षड्जाची, पाचवी गांधाराची. गांधार कुणी छेडलेला नाही, तरी तो तिथं आहे. 'स्वयंभू गांधार' हा शब्द गवयांच्या तोंडी कधीपासून आहे. मुलांना तो भक्तिभावाचा शब्द वाटायचा. रेघ मोजून पाहिली की तो निरीक्षणाचा शब्द आहे हे कळतं.

यानंतर तारा ज्या रुंद पुलावरून जातात तिथलं तारेखालचं सूत काढून घ्यायचं. जवारी गेली, आवाज बोथट झाला हे कानांना कळतंच. पडद्यावर वरच्या रेघा विझलेल्या दिसतात. सूत परत घालून ते हळूहळू सरकवायचं आणि कोणत्या जागी रेघा भडकतात ते बघायचं. जवारी लावणारा कारागीर हेच करत असतो, पडद्याशिवाय, निव्वळ कानानं, आणि आपल्या सर्वांपेक्षा चांगलं. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना याच पुलाकडं बोट दाखवलं होतं. तार जिथं छेडली तिथं ज्या सहायक नादांचा निश्चल बिंदू येतो ते नाद ऐकू येऊ नयेत, असा युरोपात मान्य झालेला नियम. तंबोऱ्यात ते खुशाल ऐकू येतात. रुंद पुलावर सरपटणारी तार तो नियम पाळत नाही. रामन यांचा हा धडा आमच्या संगीताच्या अभ्यासक्रमात येत नाही आणि विज्ञानाच्या पुस्तकात तंबोरा येत नाही. शाळेत दोन्ही विषयांच्या तासिका आहेत, मधली भिंत तेवढी पाडायची राहिली आहे.

इथं कुणी म्हणेल की या पाश्चात्त्य यंत्रांनी आपल्या परंपरेची चिरफाड कशाला. पण आपल्या आधुनिक संगीतशास्त्राचा पाया घालणाऱ्या माणसाची रीत काय होती? भातखंडे वकील होते, १८६० साली मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेले. त्यांनी हिंदुस्थानभर प्रवास केले, गवयांना ऐकलं, पंडितांना आडवेतिडवे प्रश्न विचारले, जुने ग्रंथ चालत्या गाण्याशी ताडून पाहिले आणि जिथं जुळले नाहीत तिथं तसं लिहून टाकलं. 'क्रमिक पुस्तक मालिका' या सहा भागांत त्यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा त्यांचा मराठीतला मोठा ग्रंथ तर गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. त्यातला शिष्य सारखा शंका काढतो. त्या ग्रंथावरून तयार झालेल्या गाईडात शिष्य गायब आहे, फक्त उत्तरं उरली आहेत. दहा थाट हे त्यांचं अनुमान होतं, त्यावर तेव्हाही वाद झाले. आमच्या वहीत ते पाढ्यांसारखे आले. साक्षीपुरावे तपासणाऱ्या वकिलाच्या नावानं आपण पाठांतराची परीक्षा घेतो आहोत.

आता यंत्राची दुसरी बाजू. कुठलंही यंत्र वर्गात रिकाम्या हातानं येत नाही, ते आपलं शास्त्र बरोबर घेऊन येतं. हे आपल्या भागानं शंभर वर्षांपूर्वी पाहिलेलं आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेऊन बावीस श्रुतींचं गणित मांडलं आणि १९१० मध्ये ते इंग्रजीत प्रसिद्ध केलं. ई. क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्यानं ते पुढं नेलं. त्यातून श्रुतिहार्मोनियम निघाली, बावीस श्रुती वाजवू शकणारी पेटी. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ही पेटी आणि तिच्यामागचं गणित हा मोठ्या वादाचा विषय झाला. देवलांची तळमळ खरी होती. परदेशी पेटीच्या बारा पट्ट्यांत आपलं गाणं मावत नाही हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. चूक पुढच्या पावलाला झाली: बारा ठोकळ्यांना उत्तर म्हणून त्यांनी बावीस ठोकळे दिले. पुढं १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. त्या काळात घरोघरच्या शिकवण्यांत, नाटकांत, कीर्तनांत पेटी वाजतच राहिली आणि मुलांचे कान तिच्याच गांधारावर तयार होत राहिले. बंदीनं कान सुधारत नाहीत. दोन्ही गांधार समोरासमोर ऐकले असते तर कदाचित सुधारले असते.

संगणकाचं शास्त्र कुठं दडलेलं असतं? आपणहून आलेल्या आकड्यांत. संगीत रचायचं बहुतेक सॉफ्टवेअर उघडा: ठेका चार-चारचा, गती मिनिटाला १२०, उभी पियानोची पट्टी आणि स्वर म्हणजे तिच्यासमोर ठेवलेला आडवा चौकोन. यांतलं काहीच आपण निवडलेलं नसतं. बडा ख्याल विलंबित एकतालात चालला असेल तर मिनिटाला बारा-पंधरा मात्रा, एक आवर्तन मिनिटभराचं. जुन्या घड्याळी मेट्रोनोमची सर्वांत खालची खूणच ४० ची होती. आणि चौकोनाला मींड कळत नाही. एका चौकोनातून दुसऱ्यात उडी मारता येते, घसरत जाता येत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात 'गिडो' नावाचा कान तयार करणारा कार्यक्रम निघाला. संगणक दोन स्वर वाजवी, विद्यार्थी अंतर ओळखी, संगणक चूक-बरोबर सांगे. त्यांच्या संगीतासाठी ती उत्तम सोय होती, कारण तिथं स्वर ठरलेल्या पट्ट्यांवर उभे असतात. आज आपल्या मुलांच्या फोनमधलं लाल-हिरवं ॲप त्याच घराण्यातलं आहे. घराणं वाईट नाही, आपलं गाणं त्या घराण्याचं नाही, एवढंच.

आपलं गाणं कोणत्या घराण्याचं आहे हे बघायचं तर दरबारी लावा. पुस्तक सांगतं, दरबारीचा गांधार अतिकोमल आणि आंदोलित. दरवर्षी एक तरी हुशार मूल विचारतं, "अतिकोमल म्हणजे किती?" पूर्वी मी म्हणायची, "गुरूकडून घ्यायचा असतो तो." उत्तर खरं होतं आणि पळवाटही होती. आता मी एखाद्या मोठ्या गवयाच्या आलापातला तुकडा प्राट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकते. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ते बोलण्याच्या ध्वनींच्या अभ्यासासाठी लिहिलेलं, पण गळा तो गळाच. पडद्यावर सुराची रेघ उमटते. षड्जाला ती सरळ, पंचमाला सरळ, आणि गांधाराच्या जागी रेघ नसतेच. तिथं लाट असते. रिषभाच्या अंगानं उठते, कोमल गांधाराकडं जाते, परतते, पुन्हा उठते, आणि प्रत्येक हेलकाव्याचा माथा निराळ्या उंचीवर. "किती?" विचारणारं मूल स्वतःच म्हणतं, "बाई, हा एक आकडा नाहीच." आकडा शोधायला गेलेला आकड्याची हद्द बघून आला. श्रुतींवरचं एवढं जिवंत व्याख्यान मी कधी दिलेलं नाही.

हे काही मी शोधलेलं नाही. नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्येच मोजमापं करून दाखवलं होतं की एकाच रागातला एकच स्वर गायक-वादकागणिक आणि एकाच मैफलीतही जागा बदलतो. मुंबईच्या एनसीपीएमध्ये सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मेर यांनी गाणं चालू असताना त्याचा सुरांचा आलेख पडद्यावर सरकत राहील अशी मांडणी केली. बार्सिलोनात झेवियर सेरा यांच्या पुढाकारानं झालेल्या 'कॉम्पम्युझिक' प्रकल्पानं हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताचे मोठे संग्रह संगणकी अभ्यासासाठी तयार केले. आयआयटी मुंबईत प्रीती राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूप-देसकार, पूरिया-मारवा अशा जोड्यांवर काम केलं आहे. स्वर तेच, मग राग वेगळा कशानं ठरतो? कोणत्या स्वरावर गवई किती रेंगाळतो याचा हिशेब मांडला की बरंच काही उलगडतं. याची वर्गातली आवृत्ती घड्याळ आणि पेन्सिल घेऊनही होते. एका गटाला भूप, दुसऱ्याला देसकार, पहिल्या पाच मिनिटांच्या आलापात गांधारावर किती सेकंद आणि धैवतावर किती, ते आलेखावरून मोजा. मोजल्यावर वादी-संवादींची व्याख्या पाठ करावी लागत नाही. आणि एखाद्या गटाचा हिशेब पुस्तकाशी जुळला नाही तर उत्तम. मग पुस्तक चुकलं, गवई चुकला, की आपण मोजायला चुकलो, यावर तासभर भांडण होतं. गेल्या वीस वर्षांत माझ्या शास्त्राच्या तासाला भांडण झालेलं मला आठवत नव्हतं.

यंत्रही चुकतं, आणि ते मुलांनी बघायलाच हवं. तंबोरा मागे वाजत असला की सूर शोधणारं सॉफ्टवेअर गोंधळतं, गळा सोडून तारेमागे लागतं. कधी खालचा षड्ज सोडून वरचा पकडतं आणि रेघ एकदम सप्तकभर उडी मारते. पहिल्यांदा एका मुलानं ती उडी म्हणजे गवयाची तान समजून कौतुकानं टिपून ठेवली. दुसऱ्यानं कान लावला आणि म्हणाला, "असं काही गायलेलंच नाही." त्या मुलाला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

आता खरा आक्षेप. आमचे गुरुजी आज असते तर म्हणाले असते, "गाणं डोळ्यांनी शिकायचं का ग?" हा जुनाट माणसाचा कुरकुरा प्रश्न नाही. डोळा हा फार दांडगा आहे. पडद्यावर रेघ दिसत असेल तर मूल रेघेला जुळवून गातं, रेघ वर गेली की गळा खाली घेतं, आणि पडदा बंद केला की सूर हरवतो. मी हे पाहिलं आहे. दोन महिन्यांत एका मुलाचा सूर पडद्यापुरता अचूक झाला आणि तंबोऱ्यासमोर पूर्वीपेक्षा डळमळीत. चूक माझी होती. मी सॉफ्टवेअर प्रात्यक्षिकाच्या वारात घुसू दिलं होतं. तेव्हापासून माझ्या वर्गात एक नियम आहे: आधी ऐकायचं, मग वहीत अंदाज लिहायचा, त्यानंतरच लॅपटॉप मुलांकडं वळवायचा. अंदाज लिहिल्याशिवाय पडदा नाही. आणि कुणी गात असताना पडदा भिंतीकडे. रियाजाची जागा रियाजाला. सूर लावायला गळा, तंबोरा आणि समोर बसलेला माणूस पुरतो. सूर लागला तेव्हा काय झालं, हे समजून घ्यायला यंत्र मदत करतं. दोन्ही कामं एकच आहेत असं जे सॉफ्टवेअर भासवतं त्याच्यापासून सावध राहायचं.

तालाच्या बाबतीत मला एवढी भीती वाटत नाही, कारण लयकारीचं गणित रोकडं आहे. झपतालाच्या एका आवर्तनात चौगुन बसवायची तर ती अडीच मात्रांत संपते, म्हणजे साडेसात मात्रांनंतर, आठव्या मात्रेच्या मध्यावर सुरू करायची. पेपरात मुलं हे रकाने आखून लिहितात. टाळी देऊन म्हणा म्हटलं की नवव्या मात्रेवर धडपडतात. सॉफ्टवेअरमध्ये बोल मांडून, गती निम्मी करून चारदा ऐकलं की हात आपोआप जागेवर पडतो. इथं यंत्राला माझ्यापेक्षा जास्त चिकाटी आहे, ते दमत नाही आणि वैतागत नाही.

स्वरलिपीचं मात्र अजून दुखणंच आहे. भातखंडे लिपीतली कोमल स्वराखालची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ साध्या मराठी कळफलकावर सरळ सापडत नाही. काही जण वेदपठणासाठी युनिकोडमध्ये घातलेली स्वरचिन्हं यासाठी उसनी घेतात. ऋग्वेदाच्या खुणा बागेश्रीच्या कामी येतात हे गमतीचं असलं तरी मींडेची कमान, कणस्वर आणि मात्रेखालची कंसरेघ यांची सोय अजूनही हातानंच करावी लागते. पाश्चात्त्य लिपीसाठी म्यूझस्कोरसारखं देखणं साधन फुकट मिळतं. आपल्याला मुलांच्या नोटेशनचा फोटो काढून पाठवावा लागतो. हे काम मराठी संगणकवाल्यांनी मनावर घेण्यासारखं आहे.

खर्चाबद्दल दोनच गोष्टी सांगते. यासाठी लागतो एक जुना लॅपटॉप, एक बरा स्पीकर आणि एक साधा मायक्रोफोन. स्पीकर बरा हवा, कारण लॅपटॉपच्या पोटातल्या भोंग्यातून खर्ज ऐकूच येत नाही. सॉफ्टवेअर वर सांगितलेलं सगळं फुकट. मग शाळा लाखाचं संगीत-पॅकेज का घेतात? कारण पॅकेज गुण देतं, तक्ता छापतं, पालकसभेत दाखवता येतं. फुकटचं सॉफ्टवेअर शिक्षकाला काम लावतं. त्याला आधी स्वतः दहा वेळा फसावं लागतं, आणि महिन्याला चार तासिका मिळणाऱ्या, दोन-तीन शाळांत धावणाऱ्या संगीतशिक्षकाला तेवढी उसंत कुणी देत नाही. शिक्षकाला पॅकेजच्या किमतीच्या दहाव्या हिश्शात आठवडाभराची कार्यशाळा देता येईल. ते कुणी करत नाही, कारण कार्यशाळेवर शाळेचं नाव रंगवता येत नाही.

शेवटी सगळं परीक्षेपाशी येऊन थांबतं. पेपरात जे विचारलं जातं तेच वर्गात शिकवलं जातं, मीही याला अपवाद नाही. म्हणून परीक्षा घेणाऱ्या मंडळांना माझी विनंती अगदी लहान आहे. शास्त्राच्या पेपरात वीस गुणांचा एक प्रश्न असा ठेवा: पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण ऐकवा, त्याचा सुरांचा छापील आलेख हातात द्या आणि विचारा, काय ऐकलंत, काय दिसतं, पुस्तकात काय आहे आणि कुठं जुळत नाही. तपासणाऱ्याला त्रास होईल, कारण याचं उत्तर गाईडात नसेल. बाकीचे प्रश्न आहेत तसे राहू द्या.

आणि शास्त्र शिकवणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, मंडळ ऐकेपर्यंत थांबू नका. येत्या रविवारी षड्ज २४० चा करा, गांधार आधी ३०० चा आणि मग ३०२.४ चा, मुलांना डोळे मिटायला सांगा. लाट तेवढी करवतीची घ्या.